पेठ-सुरगाण्याच्या हंगामी मजुरांवर पीएचडी: आकडे कुठून आणायचे, कसे आणायचे

प्रश्न थोडक्यात असा: नाशिकच्या एका महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवणाऱ्या एका ताईंना पेठ आणि सुरगाणा तालुक्यांतून दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत कामाला जाणाऱ्या आदिवासी मजुरांवर पीएचडी करायची आहे. स्थलांतरामुळे कुटुंबाची स्थिती सुधारते की नाही, हा विषय. मार्गदर्शक म्हणतात, चारशे कुटुंबांची प्रश्नावली भरून घ्या. एक सहकारी म्हणतात, आता आरसीटीशिवाय, म्हणजे चिठ्ठ्या टाकून काहींना मदत द्यायची आणि बाकीच्यांशी तुलना करायची अशा चाचणीशिवाय, विकासाच्या संशोधनाला कुणी विचारत नाही. तिसरा सल्ला असा की शासनाची एवढी आकडेवारी पडून आहे, तीच वापरा. यातलं काय करावं?

ताई, तिन्ही सल्ल्यांवर बोलतो. पण मी सुरुवात कॅलेंडरपासून करणार आहे. आपल्या क्षेत्रात पद्धतीवरून भांडणं पुष्कळ होतात. मी जे प्रबंध फसलेले पाहिले, त्यांतले बरेचसे चुकीच्या महिन्यात, चुकीच्या दारावर थाप मारल्यामुळे फसले होते.

शासकीय आकडेवारीचं आधी उरकून घेऊ. जनगणना माणसाचं जन्मठिकाण विचारते आणि आधी कुठे राहत होता ते विचारते. दिवाळीच्या आगेमागे पिंपळगाव बसवंतला गेलेला आणि होळीला पाड्यावर परतलेला माणूस या हिशेबात कुठे गेलेलाच नसतो. शिवाय हातात असलेली शेवटची जनगणना २०११ ची आहे, पुढची २०२७ ला व्हायची आहे. राष्ट्रीय नमुना पाहणीने हंगामी स्थलांतर वेगळं मोजायचा प्रयत्न केला खरा. १९९९-२००० च्या ५५ व्या फेरीत कामासाठी ६० दिवस ते सहा महिने घराबाहेर राहिलेला माणूस धरला होता. २००७-०८ च्या ६४ व्या फेरीत तीच खालची मर्यादा ३० दिवसांवर आणली. म्हणजे दोन फेऱ्यांचे आकडे शेजारी ठेवून 'स्थलांतर वाढलं' किंवा 'घटलं' असं म्हणताच येत नाही, तरी लोक बिनदिक्कत म्हणतात. आणि पहाटे पिकअपमध्ये बसून बागेत जाणारी आणि रात्री घरी झोपायला येणारी बाई तर दोन्ही फेऱ्यांच्या जाळ्यातून निसटते. मार्च-एप्रिलमधल्या खरड छाटणीपासून काढणीपर्यंत बागेच्याच शेडमध्ये राहणारं जोडपंही निसटतं, कारण ते सहा महिन्यांच्या वर जातं.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीचे आकडे मोहात पाडतील. निती आयोगाचा बहुआयामी दारिद्र्य निर्देशांकही त्यांवरच उभा आहे. पण त्या पाहणीचा नमुना जिल्ह्यापर्यंतच बोलू शकतो, तालुक्यापर्यंत नाही. नाशिक जिल्हा म्हणजे १५ तालुके आणि २०११ साली ६१ लाख लोकसंख्या, त्यातले सुमारे चौथा हिस्सा अनुसूचित जमातींचे. निर्यातीची द्राक्षं पिकवणारा निफाडचा बागायतदार आणि त्याच्याकडे पेस्ट लावायला येणारा पेठचा मजूर या दोघांची सरासरी काढून जो आकडा येतो, तो दोघांपैकी कुणाच्याच घरी राहत नाही. तेव्हा शासकीय आकडेवारी पहिल्या प्रकरणात पार्श्वभूमी म्हणून घ्या, आणि ती काय पाहू शकत नाही हे स्पष्ट लिहा. ते लिहिणंही संशोधनच आहे.

आता कॅलेंडर. तुम्हाला दोन कॅलेंडरं एकमेकांवर ठेवायची आहेत.

बागेचं कॅलेंडर असं: काढणी उरकली की मार्च-एप्रिलमध्ये खरड छाटणी, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये फळ धरण्यासाठीची गोडी छाटणी. छाटणी झाली की एक-दोन दिवसांत डोळे फुटावेत म्हणून त्यांना पेस्ट लागलीच पाहिजे, तिथे थांबायची सोय नाही. मग फेलफूट म्हणजे नको असलेली फूट काढणं, विरळणी, डिपिंग म्हणजे घड औषधात बुडवणं, आणि जानेवारीपासून काढणी. कसमादे (कळवण, सटाणा, मालेगाव, देवळा) पट्ट्यात, विशेषतः सटाण्याकडे, अर्ली द्राक्षांसाठी छाटणी जून-जुलैतच सुरू होते. म्हणजे मजुरांना असलेली मागणी सलग नसते. ती उसळते, ओसरते, पुन्हा उसळते, आणि तीही एका गावात एका आठवड्यात, शेजारच्या गावात दुसऱ्या.

पाड्याचं कॅलेंडर वेगळं. उन्हाळ्यात राब भाजणी (रोपांच्या जागेवर पालापाचोळा जाळणं), पावसाबरोबर पेरणी, आषाढात आवणी म्हणजे रोपांची लावणी, आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरात भात, नागली, वरईची कापणी. आता पाहा, गोडी छाटणीची घाई आणि नागलीची कापणी एकाच वेळी येतात. घरातलं कोण बागेत जातं आणि कोण नागलीसाठी मागे राहतं? पीक घरी आणायला म्हातारी माणसं उरली तर पुढच्या वर्षी तेवढीच जमीन पेरली जाते का? मला विचाराल तर 'स्थिती सुधारते की नाही' या प्रश्नापेक्षा हा प्रश्न दसपट चांगला आहे. याला उत्तर मिळू शकतं. तुमच्या मूळ प्रश्नाला 'काहींची सुधारते, काहींची नाही' यापलीकडे उत्तर नाही, आणि ते प्रबंध न लिहिताही माहीत आहे.

कॅलेंडरातून दुसरी गोष्ट निघते ती बंद घराची. नोव्हेंबर ते फेब्रुवारीत पाहणी करणारा माणूस पाड्यावर गेला की यादीतली कित्येक घरं कुलूपबंद असतात. मग तो शेजारचं उघडं घर घेतो, कारण संध्याकाळपर्यंत अर्ज भरायचे असतात. उघडं घर म्हणजे कोण? ज्यांच्या घरात नोकरी आहे, ज्यांच्या विहिरीला पाणी आहे, किंवा ज्यांच्या घरात कामाला जाण्याजोगं धडधाकट माणूस उरलेलं नाही. तुमचा विषय ज्या कुटुंबांचा, तीच गळून जातात. म्हणून घराची बदली कधीच करायची नाही. कुलूप दिसलं तर 'कुलूप' असं लिहायचं, शेजाऱ्याकडून कुठे गेलेत ते विचारायचं आणि होळीला परत यायचं. होळीला पाड्यावरचा बहुतेक माणूस घरी येतो. कुटुंबांची मूळ यादी मात्र आवणीच्या सुमारास करा, जुलै-ऑगस्टमध्ये. त्या दिवसांत सावळघाटाच्या पलीकडे पाऊस तुम्हाला सुखाने फिरू देणार नाही, पण लोक घरी असतात. आणि यादी गावाची नको, पाड्याची करा. महसुली गाव एक असतं, पाडे सहा-सात असतात, आणि ग्रामपंचायतीजवळचा पाडा नेहमीच जरा बऱ्या स्थितीतला असतो.

चारशेच्या आकड्याबद्दल. हा आकडा कुठून येतो ते मार्गदर्शकांना नम्रपणे विचारा. बहुधा एका जुन्या तक्त्यातून येतो, ज्यात मोठ्या लोकसंख्येसाठी ३८४ लिहिलेलं असतं. तो तक्ता असं धरून चालतो की प्रत्येक माणूस स्वतंत्रपणे, चिठ्ठी काढून निवडला आहे. पाड्यावर तसं नसतं. एका पाड्यावरची माणसं एकाच मुकादमाबरोबर, एकाच गावच्या बागांत, एकाच दराने जातात. एकाला विचारलं की दहांचं उत्तर कळतं. समजा तुम्ही दहा पाड्यांतून प्रत्येकी ४० कुटुंबं घेतली आणि एका पाड्यातल्या कुटुंबांमधलं साम्य ०.१ इतकंच धरलं (शून्य म्हणजे काहीच साम्य नाही, एक म्हणजे सगळी सारखीच). मग नमुन्याचा फुगवटा, म्हणजे ज्याने नमुन्याला भागायचं तो आकडा, होतो १ + ३९ × ०.१ म्हणजे ४.९. तुमची ४०० कुटुंबं माहितीच्या हिशेबाने ८२ कुटुंबांएवढीच उरतात. तीच ४०० कुटुंबं ४० पाड्यांतून प्रत्येकी दहा घेतली तर फुगवटा १.९, आणि हातात राहतात २१० कुटुंबांएवढी माहिती. दमछाक जास्त, पेट्रोल जास्त, पण प्रबंधाची किंमत अडीच पटीने वाढते. मौखिक परीक्षेत हे गणित फळ्यावर मांडता आलं तर पुढचे बरेच प्रश्न आपोआप गळतील.

प्रश्नावलीत 'तुमचं वार्षिक उत्पन्न किती?' हा प्रश्न ठेवू नका. उत्तर मिळेल, पण ते शिधापत्रिकेवरचं असेल. आठवणीचा कालावधी बदलला की आकडे कसे हलतात, याचा देशातला सर्वांत मोठा धडा नमुना पाहणीनेच दिला आहे. १९९० च्या दशकात तिने खाण्याच्या खर्चासाठी ३० दिवसांऐवजी ७ दिवसांची आठवण विचारून पाहिली. नोंदला गेलेला खर्च इतका वाढला की तो आकडा धरला असता तर देशातल्या गरिबीचं प्रमाण जवळजवळ निम्म्यावर आलं असतं. लोक तेच, ताट तेच. पुढे १९९९-२००० च्या फेरीत दोन्ही कालावधी एकाच अर्जात विचारले गेले, आणि त्या दशकात गरिबी किती घटली यावर अर्थशास्त्रज्ञांचा वाद कित्येक वर्षं चालला. तेव्हा तुम्ही दिवस आणि काम धरून विचारा. दसऱ्याच्या आधी पेस्टिंगला गेला होतात का? कुणाच्या गावाला? घरातलं कोण कोण? रोजाने की एकरी? पैसे कुणाच्या हातात पडले? सण, बाजाराचा वार आणि बागेतलं काम हे आठवणीचे खुंटे आहेत. 'मागील ३६५ दिवसांत' म्हटलं की समोरची बाई नवऱ्याकडे बघते.

पैसे कुणाच्या हातात पडले, यावर जरा थांबा. ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक 'कोयता' धरतात हे तुम्हाला माहीत असेलच, आणि हिशेब नवऱ्याच्या नावावर चालतो. बागेत एकरी काम घेतलेल्या टोळीचंही तसंच होतं. टोळीत दहा माणसं असली तर पैसा मुकादमाकडे येतो, तिथून घराघरात वाटला जातो, आणि बाईने किती दिवस काम केलं याचा वेगळा हिशेब कुठे राहतोच असं नाही. कुटुंबप्रमुखाला विचारून भरलेल्या अर्जात ती 'घरकाम' अशी नोंदली जाते. प्रत्येक कामकरी माणसाला वेगळं, शक्यतो एकटं गाठून विचारा. बाईला विचारायला बाईच हवी, आणि इथल्या कोकणा आदिवासींची कोकणी बोली कळणारी हवी. नाशिकहून पुस्तकी मराठी घेऊन गेलेल्या मुलीला उत्तरं मिळतात, पण ती फार आदबशीर असतात.

आणि उचल, म्हणजे कामाआधी घेतलेले आगाऊ पैसे. पावसाळ्यात पाड्यावर हातात काम नसतं, घरातलं धान्यही सरत आलेलं असतं. याच दिवसांसाठी आदिवासी विकास महामंडळाची खावटी कर्जाची, म्हणजे खाण्यापुरत्या कर्जाची, योजना होती. महामंडळाचं मुख्यालय नाशिकलाच आहे. जुन्या नोंदी मागून पाहा, मिळाल्या तर सोनं. नेमक्या याच दिवसांत मुकादमाची किंवा बागायतदाराची उचल येते, आणि तिच्यावर व्याज नसतं असं सगळे सांगतात, घेणारा आणि देणाराही. व्याज मजुरीत लपलेलं असतं. उचल घेऊन गेलेल्याला एकरी काय दर मिळाला आणि त्याच गावात, त्याच आठवड्यात उचल न घेता गेलेल्याला काय, हे दोन आकडे मिळवा. त्यातला फरक गुणिले केलेले एकर, भागिले उचल, असं गणित केलं की तेवढ्या मुदतीच्या व्याजाचा दर डोळ्यासमोर येतो. तो शून्यच निघाला तरी हरकत नाही, तोही निष्कर्षच. माझ्या मते एवढं एक प्रकरण नीट झालं तरी बाकीचा प्रबंध त्याच्या जिवावर उभा राहील.

आता आरसीटी. सहकाऱ्यांचं म्हणणं निराधार नाही. २०१९ चं अर्थशास्त्राचं नोबेल अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि मायकेल क्रेमर यांना याच कामासाठी मिळालं. राजस्थानात उदयपूरच्या खेड्यांत त्यांच्या गटाने लसीकरणाची जी चाचणी घेतली, ती आजही मी नव्या मुलांना सांगतो. काहीच न केलेल्या गावांत पूर्ण लसीकरण ६ टक्के, नियमित शिबिरं भरवलेल्या गावांत १८ टक्के, आणि शिबिराबरोबर दर खेपेला किलोभर डाळ दिली तिथे ३९ टक्के. प्रश्न लहान होता, उपाय ठरलेला होता, गावं चिठ्ठ्या टाकून वाटता येत होती. तिथे ही पद्धत शोभते.

तुमच्या विषयाला सर्वांत जवळची चाचणी बांगलादेशातली आहे. रंगपूर भागात आमन भाताच्या कापणीआधी 'मोंगा' नावाचा उपासमारीचा काळ येतो. २००८ साली तिथल्या कुटुंबांना शहरात कामाला जाण्यासाठी बसभाड्याएवढे, म्हणजे साडेआठ डॉलर, दिले गेले. पैसे मिळालेल्यांपैकी आणखी २२ टक्के कुटुंबांनी माणूस बाहेर पाठवला, घरी मागे राहिलेल्यांचं खाणंपिणं सुधारलं, आणि पुढच्या वर्षी पैसे न देताही काही जण पुन्हा गेले. जगभर कौतुक झालं. मग तोच कार्यक्रम मोठ्या प्रमाणावर राबवला, २०१७ मध्ये पुन्हा मोजला, तर स्थलांतर वाढल्याचं दिसलंच नाही. २०१९ मध्ये तो बंद केला. बंद करणाऱ्यांनी कारण लपवलं नाही, याचं मला जास्त कौतुक वाटतं.

रंगपूरची अडचण होती जाण्याचा खर्च आणि जाऊन काम मिळेल की नाही याची धास्ती. पेठ-सुरगाण्यात पिकअप पाड्यापर्यंत येते, मुकादम नावानिशी ओळखतो. इथला प्रश्न जाण्याचा नाही, जाण्याच्या अटींचा आहे. रंगपूरची चाचणी जशीच्या तशी इथे आणली तर दुसऱ्या गावाच्या प्रश्नाचं उत्तर आपल्या गावात शोधल्यासारखं होईल. शिवाय पीएचडीच्या पैशांत हे होणारही नाही. काही पाड्यांना मदत दिली तर तिथली टोळी ज्या बाजारात उतरते, तिथेच बाकीच्या पाड्यांचीही उतरते. दर हलला तर सगळ्यांचाच हलतो, आणि तुलनेसाठी ठेवलेला गट कोरा राहत नाही.

म्हणून गेलेले विरुद्ध न गेलेले ही सरळ तुलनाही टाळा. वर म्हटल्याप्रमाणे न जाणाऱ्यांत सर्वांत बरे आणि सर्वांत दुबळे असे दोन्ही येतात. त्यांची सरासरी काढून जाणाऱ्यांशी लावली की हवा तो निष्कर्ष काढता येतो. त्यापेक्षा तेच कुटुंब वर्षातून चार वेळा गाठा: आवणीला, दिवाळीच्या आसपास, काढणीच्या ऐन हंगामात बागेवर किंवा फोनवर, आणि होळीला. कर्ज, धान्याचा साठा, शाळेत जाणारी मुलं, आजारपण, हे प्रत्येक वेळी तेवढंच विचारा. कुटुंबाची तुलना त्याच कुटुंबाशी होते. आणखी एक वाट आहे. सुरगाण्यात बोरगावच्या घाटमाथ्यावर स्ट्रॉबेरी लागते, आणि तिचा हंगाम बरोबर बागेच्या हंगामावर येतो. स्ट्रॉबेरी आलेल्या पाड्यांतून बाहेर जाणं कमी झालं का, हे पाहण्यासारखं आहे. फक्त ध्यानात ठेवा, स्ट्रॉबेरी तिथेच आली जिथे पाणी आणि रस्ता आधी पोहोचला होता.

रोजगार हमीबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, पण परीक्षक विचारतील: गावात हमीचं काम असताना माणूस बाहेर का जातो? महाराष्ट्राची रोजगार हमी १९७२ च्या दुष्काळातून आली, १९७७ चा कायदा २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला, देशाचा कायदा २००५ मध्ये आला. १९८८ मध्ये राज्याने हमीची मजुरी किमान वेतनाशी जोडून जवळपास दुप्पट केली. वाढलेल्या मजुरीला गर्दी वाढायला हवी होती. हजेरी उलट घटली. मार्टिन रॅव्हॅलियन, गौरव दत्त आणि शुभम चौधरी यांनी त्या आकड्यांवरून दाखवलं की लोकांना काम नको होतं असं नाही, कामंच हात राखून काढली जात होती. हजेरीपट मागणी सांगत नाही. म्हणून संकेतस्थळावरचे मनुष्यदिवस घेऊन 'लोकांना हमीचं काम नको आहे' असं लिहू नका. नमुना ४ भरून काम मागितलं होतं का, पोच मिळाली का, किती दिवसांनी पैसे आले, हे घरोघरी विचारा. बागेचा पैसा आठवड्याच्या बाजाराला हातात पडतो, हे त्याच्या शेजारी मांडा.

पाड्यावर कुणाबरोबर जाता याला महत्त्व आहे. बागायतदाराच्या गाडीतून उतरलात तर मजुरी नेहमीच चांगली असते. मुकादमाने ओळख करून दिली तर उचल कुणीच घेतलेली नसते. आशाताईंबरोबर गेलात तर आजारपणाचं खरं कळतं, पण गर्भारपणात बागेत काम केल्याचं लपवलं जातं. कुणाबरोबर गेलात ते प्रत्येक अर्जावर लिहून ठेवा, नंतर आकड्यांत फरक दिसतो. बागेत मजुराची मुलाखत घेऊ नका. तिथे त्याचा वेळ दुसऱ्याने विकत घेतलेला असतो आणि कान जवळपास असतात.

बागायतदारांना मात्र टाळू नका. त्यांच्यापैकी पुष्कळ जण वही ठेवतात, फवारणीची आणि मजुरीचीही, छाटणीच्या तारखेसकट. पाच-सहा जणांनी विश्वासाने वही दाखवली तर मजुरांनी सांगितलेले दिवस आणि दर त्यांच्याशी ताडून बघता येतात. फरक निघेल. कुणाचं खोटं हे ठरवायला जाऊ नका, फरक कोणत्या बाजूला झुकतो तेवढं नोंदवा.

प्रश्नावली छापायच्या आधी एकदा पाड्यावरच्या दोघी-तिघींना ती वाचून दाखवा, त्यांचा अर्ज भरून न घेता. ज्या प्रश्नाला त्या हसतील तो काढून टाका. ज्याला त्या आपसात बोलायला लागतील, त्याच्याखाली जागा जास्त सोडा.